क्रूझरच्या कॅमशाफ्टची निवड

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव रस्त्यांच्या संगमावर वसलेले आहे. नागपूरकडून कारंजामार्गे येणारा जुना महामार्ग येथून मालेगाव, मेहकर व जालन्याच्या दिशेने पुढे जातो, आणि अकोल्याहून निघालेली सडक येथेच त्याला छेदून मंगरूळपीरची वाट धरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला आणि शेलूबाजारजवळ त्याचा इंटरचेंज आला, तरी त्या मार्गावर दुचाकींना मनाई असल्यामुळे मोटारसायकलस्वाराचा सारा व्यवहार पूर्वीप्रमाणे जुन्या रस्त्यावरच राहिला. कारंज्याच्या गुरुमंदिरास जावयाचे असो, पोहरादेवीस जावयाचे असो किंवा मेहकरमार्गे लोणारचे सरोवर पाहावयाचे असो, त्याला गावागावांतून, गतिरोधकांवरून आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकांना ओलांडीतच जावे लागते. मागे माणूस बसलेला, दोन्ही बाजूंस पिशव्या लटकलेल्या, समोरून एस. टी. येत असलेली आणि पुढचा ट्रक काही केल्या बाजूस होत नसलेला, अशा प्रसंगी साठ किलोमीटरांच्या वेगावरून ऐंशीपर्यंत गाडी किती तातडीने जाते, यावरच या भागातील क्रूझरस्वाराच्या समाधानाचे आणि पुष्कळदा त्याच्या सुरक्षिततेचेही माप ठरते.

कार्ब्युरेटरच्या क्रूझरमध्ये कॅमशाफ्ट बदलण्याचा विचार अशाच प्रसंगांतून जन्म घेतो. त्या विचाराविषयी मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की कॅम हा इंजिनाला नवी शक्ती बहाल करीत नसून असलेली शक्ती फेऱ्यांच्या कोणत्या पट्ट्यात हाती यावी याचा बंदोबस्त करतो. आणि तो पट्टा आपल्या रस्त्याशी जुळत नसेल, तर महागातला महाग कॅमही गाडीला पूर्वीपेक्षा मंद करून ठेवतो.

महाराष्ट्राचा या गाड्यांशी संबंध जवळचा आहे. पुण्याच्या बजाज कंपनीने जपानच्या कावासाकीच्या सहकार्याने २००१ मध्ये एलिमिनेटर ही १७५ सी.सी.ची क्रूझर आणली. तिच्यातूनच २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर १८०, २००७ मध्ये २०० आणि २०१० मध्ये २२० अशी परंपरा पुढे चालली. किनेटिक कंपनीने कोरियाच्या ह्योसंगशी करार करून अक्विला ही २५० सी.सी.ची, दोन सिलिंडरांची आणि चार कॅमशाफ्टांची गाडी आणली होती, परंतु ती फारच थोड्यांच्या दारी पोहोचली. दक्षिणेकडे मद्रासला १९५५ पासून बुलेट तयार करणाऱ्या एन्फिल्डने २००२ मध्ये थंडरबर्ड काढली. तिचे पहिले इंजिन ऑस्ट्रियाच्या ए.व्ही.एल. या संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झालेले होते. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ चे नियम अंमलात आले आणि या वर्गातून कार्ब्युरेटर निवृत्त झाला. म्हणून आज ज्यांच्या घरी अ‍ॅव्हेंजर २२० अथवा थंडरबर्ड ३५० यांची कार्ब्युरेटरची आवृत्ती आहे, त्यांच्यासमोर जुनी गाडी विकावी की तिच्यात नवा जीव घालावा हा प्रश्न वारंवार येतो.

कॅमशाफ्ट म्हणजे ज्याच्यावर अंडाकृती उंचवटे घडवलेले आहेत असा एक पोलादी अथवा बिडाचा दंड होय. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे पूर्ण झाले म्हणजे एक चक्र पुरे होते, आणि तेवढ्या अवधीत प्रत्येक झडपेने एकदाच उघडावयाचे असल्यामुळे कॅम क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. अगदी आरंभीच्या मोटारसायकलींत आत घेणाऱ्या झडपेला कॅमच नसे. पिस्टनच्या ओढीनेच ती उघडे, आणि म्हणूनच ती इंजिने फारशा फेऱ्या घेऊ शकत नसत. आज अ‍ॅव्हेंजरमध्ये एकच कॅमशाफ्ट सिलिंडरच्या माथ्यावर असतो व साखळीने फिरतो; कार्ब्युरेटरच्या बुलेट आणि थंडरबर्डमध्ये मात्र आत घेणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या झडपेचे दोन निरनिराळे कॅम खाली टायमिंगच्या पेटीत दातांच्या चाकांवर फिरतात आणि उभ्या पुश रॉडच्या द्वारे आपला हुकूम वरच्या रॉकरपर्यंत पोहोचवितात.

या हुकुमात तीन गोष्टी असतात: झडप किती उचलावी, किती वेळ उघडी ठेवावी आणि नेमकी केव्हा. थंडरबर्ड ३५० चे इंजिन मिनिटाला ५,२५० फेऱ्यांवर आपली १९.८ अश्वशक्ती देते. त्या गतीला पिस्टन वरून खाली येण्यास सेकंदाचा सुमारे १७५ वा भाग, म्हणजे ५.७ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक झडप दर सेकंदाला जवळजवळ ४४ वेळा उघडून मिटते. इतक्या अल्प अवकाशात सिलिंडर भरावयाचा असेल तर झडप पिस्टन वर पोहोचण्याच्या आधीच उघडू लागली पाहिजे आणि पिस्टन तळाशी जाऊन पुन्हा वर निघाल्यावरही काही काळ उघडी राहिली पाहिजे. पाटाच्या वरच्या अंगाला बंधारा घातल्यावरही जोराने आलेले पाणी जसे काही काळ वाफ्यात शिरतच राहते, तसा वेगाने आत येणारा हवा-पेट्रोलचा प्रवाह पिस्टन उलटा फिरल्यावरही आपल्या संवेगाने सिलिंडरमध्ये शिरत राहतो. परंतु हा संवेग फेऱ्या जास्त असतानाच असतो. दीड-दोन हजार फेऱ्यांवर प्रवाह मंद असतो, आणि झडप उशिरापर्यंत उघडी राहिली तर आत आलेलेच मिश्रण पिस्टन परत कार्ब्युरेटरकडे ढकलून देतो. सिलिंडर अर्धवट भरतो, दाब कमी पडतो आणि चढावर गाडी गुदमरू लागते.

दोन्ही झडपा एकाच वेळी किंचित उघड्या असण्याचाही एक काळ असतो; त्यालाच ओव्हरलॅप म्हणतात. बाहेर धावणारा धूर या काळात आपल्यामागे पोकळी निर्माण करून ताजे मिश्रण ओढून घेतो, हा त्याचा लाभ. मंद गतीवर तोच धूर मागे वळून ताज्या मिश्रणात मिसळतो, ही त्याची हानी. जास्त ओव्हरलॅपचा कॅम बसवलेली गाडी उभी असताना अडखळत, धडधडत चालते ती यामुळेच. पुष्कळ तरुणांना हा आवाज शक्तीचा पुरावा वाटतो; वस्तुतः त्या क्षणी इंजिन मूळच्या कॅमपेक्षा निकृष्ट काम करीत असते.

आता हिशेब पाहू. अश्वशक्ती ही स्वतंत्र वस्तू नव्हे. टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकारातून ती निघते. थंडरबर्डचा सर्वाधिक टॉर्क २८ न्यूटन-मीटर असून तो ४,००० फेऱ्यांवर मिळतो, म्हणजे तेथे शक्ती होते सुमारे १५.७ अश्वशक्ती; ५,२५० वर टॉर्क उतरून २६.९ च्या आसपास येतो, पण फेऱ्या वाढल्यामुळे शक्ती १९.८ भरते. समजा एखाद्या कॅमने तोच २६.९ चा टॉर्क ५,८०० फेऱ्यांपर्यंत टिकवून धरला, तर कागदावर शक्ती २२ अश्वशक्तीच्या जवळ जाईल. कॅम विकणाऱ्याच्या पत्रकात हा आकडा ठळक छापलेला असतो. परंतु शेलूबाजार ते मालेगाव या वाटेवर आपण ३५० सी.सी.ची गाडी साधारणतः ३,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान चालवितो. ५,८०० पर्यंत नेण्याचा प्रसंग क्वचित येतो, आणि आला तरी ९० मिलिमीटरांच्या लांब स्ट्रोकमुळे पिस्टनची सरासरी गती तेथे सेकंदाला १७.४ मीटर होते, जी या जड, जुन्या घडणीच्या इंजिनाला सुखाची नाही. याउलट अ‍ॅव्हेंजर २२० चा स्ट्रोक अवघा ६२.४ मिलिमीटर असून तिला ८,४०० फेऱ्यांवर शक्ती देण्यासाठीच रचलेले आहे. तेव्हा एकाच वर्णनाचा कॅम या दोन गाड्यांना सारखाच मानवेल, ही कल्पना मुळातच सोडून दिली पाहिजे.

म्हणून क्रूझरसाठी माझी पसंती सौम्य कॅमला आहे: झडपेची उचल थोडी अधिक, पण उघडी राहण्याचा काळ मूळच्यापेक्षा फारसा लांबवलेला नाही. उचल वाढल्याने वाट मोकळी होते आणि काळ न लांबल्याने मंद गतीवरचा दाब शाबूत राहतो. मात्र उचल वाढवण्यालाही मर्यादा आहे. स्प्रिंग तितकी दबली पाहिजे, तिची वेटोळी एकमेकांस भिडता कामा नयेत, आणि जलद गतीवर कॅमचा उंचवटा निघून गेल्यावर झडप त्याच्यामागे वेळेवर मिटली पाहिजे. शिवाय कॅम घेताना अंशांचा आकडा ऐकून भुलू नये. झडप उघडी राहण्याचे अंश कोणत्या उचलीपासून मोजले हे विचारावे, कारण एकच कॅम शून्यापासून मोजला तर मोठा दिसतो आणि १ मिलिमीटर उचलीपासून मोजला तर पुष्कळ लहान.

या साऱ्याच्या आधी करावयाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती बहुधा कोणी करीत नाही. जुन्या गाडीचा कॅम काढून उजेडात धरावा. निरोगी उंचवट्याचे टोक एकसारखे गुळगुळीत आणि मंद चकाकीचे असते. झिजलेल्या कॅमवर टोकाशी एक चपटा पट्टा पडलेला दिसतो, त्याच्या कडेला नखाला लागेल अशी धार येते, आणि कोठे कोठे सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. व्हर्नियरने टोकापासून बुडापर्यंत माप घ्यावे व त्यातून खालच्या वर्तुळाचा व्यास वजा करावा. उदाहरणार्थ पहिले ३२ आणि दुसरे २५.५ मिलिमीटर असेल तर कॅमची उचल ६.५ मिलिमीटर झाली. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाशी ती ताडून पाहावी. तेल वेळेवर न बदलल्यामुळे अर्धा मिलिमीटर झिजलेला कॅम मालकाला वर्षानुवर्षे कळत नाही, कारण ऱ्हास इतका हळूहळू होतो की त्याची सवयच होऊन जाते. अशा गाडीत कंपनीचाच नवा कॅम, नवे रॉकर वा टॅपेट आणि नीट बसवलेल्या झडपा घातल्या, की मालकाला नवे इंजिन लाभल्यासारखे वाटते. अनेकांची ‘अपग्रेड’ची भूक खरे तर एवढ्यानेच भागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिजलेला कॅम लेथवाल्याकडून पुन्हा घासून निराळ्या आकाराचा करून घेण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. ते काम जाणकाराने केले तर उत्तम होते. पण घासताना खालचे वर्तुळ लहान होते, वरचे कठीण केलेले कवच पातळ होते, आणि थंडरबर्डच्या अलीकडील इंजिनातील हायड्रॉलिक टॅपेटला तेवढी तफावत सहन होईल की नाही हे आधी पाहावे लागते. याच इंजिनात स्टार्टरचा भार हलका करणारा डिकॉम्प्रेसर बाहेरच्या झडपेच्या कॅमवरच बसवलेला असतो. नव्या कॅमवर त्याची तजवीज नसेल तर स्टार्टरचा क्लच त्याची किंमत मोजतो.

कॅम बसवताना घाई हा सर्वांत मोठा शत्रू. साखळीच्या चाकाला समजा ३६ दात आहेत. एक दात चुकला तर कॅम १० अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबाने २० अंशांनी चुकला, आणि एवढ्या चुकीत झडप पिस्टनवर आदळूही शकते. म्हणून खुणा जुळवल्यावर प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा, आणि कोठेही कठीण अडथळा लागला तर जोर न लावता थांबावे. उचल वाढवली असेल तर पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातील मऊ क्ले ठेवून, हेड बसवून, क्रँक फिरवून पुन्हा हेड काढावे. क्लेवर झडपेचा जो ठसा उमटतो तेथे सुरीने कापून जाडी मोजावी. आतल्या झडपेपाशी साधारण १.५ आणि बाहेरच्या झडपेपाशी २ मिलिमीटरांचे अंतर राहिले पाहिजे, कारण बाहेरची झडप तापून अधिक लांबते. जुन्या बुलेटसारख्या सपाट टॅपेटच्या इंजिनात नवा कॅम आणि जुने टॅपेट यांची जोडी कधी लावू नये. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद गतीवर घुटमळत न ठेवता सुमारे २,००० फेऱ्यांवर वीसेक मिनिटे चालवावे, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळून बसतात आणि त्यांना तेलही पुरेसे मिळते.

यानंतर कार्ब्युरेटर. इंजेक्शनच्या गाडीत संगणक थोडीफार जुळवाजुळव करून घेतो. कार्ब्युरेटरला मात्र आपण सांगितल्याखेरीज काहीच कळत नाही. कॅम बदलला की आत येणाऱ्या हवेचे प्रमाण आणि तिची ओढ दोन्ही बदलतात. मंद गतीवरची ओढ दुबळी होते, म्हणून पायलट स्क्रू आणि आयडलिंग पुन्हा बसवावे लागते. मधल्या पट्ट्यासाठी निडल उचलावी लागते, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये तिला खाचा नसतील तर खाली बारीक वॉशर घालून ते साधावे लागते. पूर्ण थ्रॉटलसाठी मेन जेट एक-दोन क्रमांकांनी मोठा घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, त्याच रस्त्यावर गाडी चालवावी आणि प्लगचा रंग पाहावा.

येथे विदर्भाच्या हवेचा विचार अपरिहार्य आहे. पौषातल्या पहाटे १० अंशांची थंडी आणि वैशाखातल्या दुपारी ४४ अंशांचे ऊन, या दोहोंत हवेची घनता दहा टक्क्यांहून अधिक बदलते. हवा विरळ झाली की कार्ब्युरेटरचे मिश्रण आपोआप पेट्रोलच्या बाजूला झुकते आणि थंडीत ते हवेच्या बाजूला जाते. दुसरी बाब अधिक गंभीर. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला १३.५ पटीच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी निवडलेला जेट आज इंजिनाला आपोआपच उपाशी ठेवतो. त्यात मोकळा श्वास घेणारा कॅम आणि मोकळा सायलेन्सर यांची भर पडली आणि जेट तसाच राहिला, तर मिश्रण आणखी पातळ होऊन बाहेरची झडप जळण्यापर्यंत मजल जाते. उन्हाळ्यात भर दुपारी कारंज्यापर्यंत सलग गाडी हाकणाऱ्याने ही गोष्ट कधीही दृष्टिआड करू नये.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. कॅम बदलल्याने दाखल्यावरील इंजिन क्रमांक व सी.सी. बदलत नाही हे खरे, पण पी.यू.सी.ची तपासणी सर्वांनाच लागू आहे. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, बी.एस. ४ पूर्वीच्या चार स्ट्रोकच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पी.पी.एम. ही मर्यादा असून त्यानंतरच्या गाड्यांना ती अधिक कडक आहे. मोठ्या ओव्हरलॅपचा कॅम उभ्या गाडीत कच्चे पेट्रोल थेट धुरात सोडतो आणि तपासणी नेमकी उभ्या गाडीचीच होते, म्हणून सौम्य कॅमचा कैवार घेण्यास हेही एक सबळ कारण आहे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या मालकांमध्ये कॅम बदलण्याची जुनी परंपरा आहे. पण त्या गाड्यांची इंजिने आपल्या गाड्यांच्या दुप्पट-तिपटीहून मोठी असतात, तेव्हा तेथील अनुभव जसाच्या तसा ३५० किंवा २२० सी.सी.वर लादण्यात अर्थ नाही.

माझा निर्णय असा आहे. अ‍ॅव्हेंजर २२० किंवा थंडरबर्ड ३५० रोजच्या कामास व सुटीच्या प्रवासास वापरणाऱ्याने प्रथम मूळचा कॅम मोजावा, झिजलेला असल्यास कंपनीचाच नवा घालावा, झडपा आणि जेट आजच्या पेट्रोलला साजेसे करून घ्यावेत, आणि त्यावर निदान एक उन्हाळा व एक हिवाळा गाडी चालवून पाहावी. त्यानंतरही ट्रक ओलांडताना गाडी कमी पडते असे वाटले तरच सौम्य कॅम घ्यावा, स्प्रिंगांसह घ्यावा आणि ज्याच्याकडे डायल गेज व अंशांची चकती आहे अशाच मिस्त्रीकडून बसवून घ्यावा. काढलेला मूळ कॅम तेल लावून, कापडात गुंडाळून घरी जपून ठेवावा, कारण या गाड्यांच्या कार्ब्युरेटरच्या आवृत्त्या बंद झाल्या आहेत आणि अस्सल सुटे भाग पुढे दुर्मिळ होत जाणार आहेत.